घरातला हिरडा: तोंडासाठी जरूर, तापासाठी नको

उन्हाळा आला की भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करायला निघतात. आतली बी टणक होण्याआधीच कोवळी फळे उतरवून ती उन्हात वाळवतात. वाळून काळे, सुरकुतलेले होते ते फळ म्हणजे बाळहिरडा. व्यापाऱ्यांच्या हातून तो अत्ताराच्या दुकानात आणि तिथून आपल्या घरी येतो. युनानी हकीम यालाच हलीला सियाह म्हणतात. इब्न सीनांच्या ‘कानून’मध्ये हलीलाची नोंद आहे, आणि आपल्या ओळखीच्या ‘इत्रिफल’चे नाव मुळात ‘त्रिफळा’वरूनच आलेले आहे.

हिरडा जंतू मारतो, असे आपण दादी-नानीपासून ऐकतो. ते खोटे नाही. निलगिरीचा गुण तिच्या सुवासिक तेलात असतो. हिरड्याचा मात्र फळातल्या तुरट द्रव्यांत. 1997 साली जपानमधल्या संशोधकांनी हिरड्यातून गॅलिक आम्ल वेगळे काढले. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या एका जंतूवर त्याचा परिणाम होतो, असे त्यांना दिसले. 1999 सालच्या एका अभ्यासात हिरड्याच्या 10 टक्के अर्काने चूळ भरल्यावर लाळेतले जंतू कमी झाले.

पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत अर्क थेट जंतूवर पडतो. पोटात गेलेला हिरडा पचतो, पातळ होतो. दुखण्याच्या जागी तेवढ्या ताकदीने पोचेलच असे नाही. तोंडात मात्र चूळ थेट लागते. म्हणून आमचे सांगणे असे, की हिरडा गुळण्यांसाठी वापरा. चमचाभर कुटलेला हिरडा पेलाभर पाण्यात उकळा, गाळा, कोमट करा आणि रात्री झोपण्यापूर्वी चूळ भरा. वुजूची कुल्ली आणि मिस्वाक यांच्या जोडीला ही सवय चांगलीच.

मुलाचा ताप उतरत नसेल, धाप लागत असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा जखम चिघळली असेल, तर हिरडा उगाळत बसू नका, डॉक्टरांकडे जा. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पाचही दिवस घ्या. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडून घरच्या काढ्यावर आलो, तर दुखणे उलटू शकते, आणि उरलेले जंतू पुढच्या वेळी त्याच गोळीला जुमानेनासे होऊ शकतात. गरोदर भगिनींनी आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय हिरडा पोटात घेऊ नये.

शिफा देणारा अल्लाहच. पण इलाज करून घ्यावा, ही शिकवणही आपल्याला प्रेषितांनीच (स.) दिली आहे. हिरड्याची बरणी फळीवर असू द्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्याआड लपू देऊ नका.