तोंडी परीक्षेत जात विचारली जाते तेव्हा

वैद्यकीय प्रवेशाच्या जागा, कट-ऑफ, शिष्यवृत्ती यांवर आमच्या चळवळीत भरपूर बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. परंतु प्रवेश मिळाल्यावर डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या मुलामुलींना कोण शिकवतो आणि कोण नापास करतो, याची चर्चा कुठे होते? म्हणून आज अॅनाटॉमीच्या, म्हणजे शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाविषयी.

हा प्राध्यापक रुग्ण तपासत नाही, शस्त्रक्रिया करीत नाही. त्याच्या विषयाला बाजारात भाव नाही. त्यातून त्याने 'कसे शिकवावे, परीक्षा कशी घ्यावी' यावर संशोधन सुरू केले, की सहकारीच नाक मुरडतात. आमच्या मते मात्र आमच्या समाजाला याच संशोधनाची सर्वाधिक गरज आहे.

लेखी पेपरवर आसनक्रमांक असतो. तोंडी परीक्षेत चेहरा असतो, आडनाव असते, गावाचे नाव असते. एकाला हातात हाड देऊन नुसते नाव विचारायचे आणि दुसऱ्याला मज्जातंतूच्या फाट्यांत अडकवायचे, हे परीक्षकाच्या मर्जीवर. त्यात पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चारच संधी. चौथ्यांदा नापास झालेल्या मुलाची डॉक्टरकी तिथेच संपते.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी डॉ. सुखदेव थोरात समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात परीक्षक प्रत्यक्ष वा आडून जात विचारतात, ही विद्यार्थ्यांची तक्रार नोंदलेली आहे. पुढे २०१२ मध्ये डॉ. भालचंद्र मुणगेकर यांनी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगासाठी दिल्लीच्याच वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयाची चौकशी केली. तिथे प्रश्न होता शरीरक्रियाशास्त्राचा, म्हणजे अॅनाटॉमीच्या शेजारच्या, पहिल्याच वर्षाच्या विषयाचा. निष्कर्ष जातीय भेदभावाचाच निघाला.

यावर उपाय शास्त्राला ठाऊक नव्हता काय? स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ मध्येच नवी पद्धत मांडली. परीक्षार्थी एकेका टेबलावर ठरावीक वेळ थांबतो, सर्वांना तेच काम, तोच प्रश्न. कोणत्या कृतीला किती गुण, हे तपासणी-यादीत आधीच छापलेले. ही पद्धत प्रात्यक्षिकांसाठी भारतात राबवून १९८६ मध्ये त्यावर निबंध कोणी प्रसिद्ध केला? एम्सच्याच शरीरक्रियाशास्त्र विभागाने! ज्ञान घरात होते, वीस वर्षांनी थोरात समितीही त्याच घरात आली. यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात मृतदेह हा 'पहिला शिक्षक' म्हणून शिकवला जातो. चांगले आहे. पण हे मृतदेह येतात कुठून? देहदान वाढले असले तरी १९४९ च्या राज्य कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांना देता येतात, आणि बेवारस कोण मरतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. मेलेल्या गरिबाला गुरू म्हणणाऱ्यांनी जिवंत गरिबाच्या पोराला आडनाव विचारू नये, एवढी तरी अपेक्षा करावी की नाही?

आज प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग असावा लागतो. तिथे आमची माणसे किती? २०१३ च्या एम्स प्राध्यापक संघटनेच्या खटल्यातील निकाल दाखवून 'प्राध्यापकपदाला आरक्षण नाही' असे काही जण बेधडक सांगतात. तो वाद अतिविशेषोपचार पदांचा होता. अॅनाटॉमीची पदे त्यात मोडत नाहीत. आमच्या एम.डी. झालेल्या तरुणांनी ही पदे मागावीत आणि परीक्षापद्धतीच्या संशोधनात शिरावे.

कार्यकर्त्यांसाठी काम सोपे आहे. माहितीच्या अधिकारात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करा. मागील पाच वर्षांचे पहिल्या वर्षाचे अॅनाटॉमीचे लेखी आणि तोंडी गुण, प्रवर्गनिहाय, महाविद्यालयनिहाय, विद्यार्थ्यांची नावे वगळून मागा. दोन्ही रकान्यांतील अंतर शेजारी शेजारी मांडा. माहिती नाकारली तर अपिलाचा मसुदा आम्ही करून देऊ.