अंगठे किती, ग्राहक किती?

नाताळ जवळ येऊ लागला की गोव्यातील आणि खानापूर-बेळगावकडील कित्येक घरांत घरापुरत्या नेवऱ्या तळून होताच विक्रीच्या नेवऱ्यांसाठी कढई पुन्हा चुलीवर चढते. दोदोल, केक, नेवऱ्या यांची मागणी पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून पसरत असे; हल्ली ती मोबाइलवरून यावी अशी अपेक्षा असते. घरातील एखादी पुतणी फेसबुकवर पान उघडून देते, छायाचित्र चढविते आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने सांगते, "काकी, दोनशे लाइक पडले!" काकींनाही बरे वाटते. परंतु त्या दोनशे अंगठ्यांमागे दोन किलो नेवऱ्याही खपल्या नसतील, तर नारळाचे आणि तुपाचे बिल कोणी भागवावयाचे?

यात पुतणीचा दोष नाही. धंद्याच्या पानांपेक्षा नातलग व स्नेही यांचे लिखाण आधी दाखविले जाईल, असे फेसबुकने २०१८ च्या जानेवारीत जाहीरच केले होते. पानावर टाकलेला मजकूर सर्व अनुयायांना दिसतोच असे नाही. मग पडद्यावर 'बूस्ट करा' अशी सूचना येते आणि पाचशे रुपये भरावयाचा मोह होतो. मोह सर्वस्वी वाईट नाही. हिशेब मात्र ठेवावा. समजा, ५०० रुपये भरले, २० जणांनी चौकशी केली आणि ५ जणांनी प्रत्येकी एक किलो माल घेतला. एका ग्राहकामागे १०० रुपये गेले. किलोमागे नफा १२० रुपये असेल, तर हाती उरले २०. हेच गिऱ्हाईक ईस्टरला आपण होऊन परत आले, तर तो नफा पुरता आपला. म्हणून नव्या गिऱ्हाइकाइतकीच, किंबहुना अधिक, काळजी जुन्याची घ्यावी.

हा हिशेब मांडण्यास चाळीस पानी वही पुरे. प्रत्येक ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा: "आमचे नाव आपणांस कोठे कळले?" उत्तर त्याच्या नावापुढे लिहावे. महिनाभरात दिसून येईल की कोणी इन्स्टाग्रामवर पाहिले, कोणाला मावशीने सांगितले, कोणी गेल्या वर्षीचा डबा पाहून विचारले. पैसे कोठे घालावयाचे ते ही वही सांगते. विकत मिळणारे 'फॉलोअर्स' तिच्यात कधीच दिसणार नाहीत, कारण ते नेवऱ्या खात नाहीत.

जाहिरात देताना गाव निवडण्याची सोय असते, तिचा उपयोग पुष्कळजण करीत नाहीत. माल बेळगावपलीकडे पोहोचविता येत नसेल, तर ती दिल्लीकरांस दाखवून काय लाभ? उलट आखातात नोकरीस असलेला मुलगा गावी राहणाऱ्या आईसाठी केक मागवू शकतो. पैसे तो तेथून देईल, डबा आपण शेजारच्या वाड्यावर पोहोचवावयाचा. असे ग्राहक आपल्याच नात्यागोत्यात असतात.

त्यांच्याशी बोलण्यास २०१८ पासून मिळणारे व्हॉट्सअॅप बिझनेस सोयीचे आहे. त्यात पदार्थांची यादी छायाचित्र व किमतीसह मांडता येते. किंमत लपवून "इनबॉक्समध्ये विचारा" असे लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती मला मुळीच रुचत नाही. संकोची माणूस विचारीतच नाही. तेथील प्रसारण-यादीतून पाठविलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून डब्याबरोबर "क्रमांक जतन करावा" अशी चिठ्ठी द्यावी. डब्यावर अन्न-नोंदणीचा क्रमांक आणि तयार केल्याची तारीखही असावी.

छायाचित्र सकाळच्या उजेडात, ओसरीवर काढावे. आधी मोबाइलची काच पुसावी. नेवरी मोडून आतले सारण दाखवावे.

अखेरीस, सणासुदीत हटकून घडणारा एक प्रकार. स्वतःस सैन्यातील अधिकारी म्हणविणारा कोणी मोठी मागणी नोंदवितो आणि पैसे पाठविण्याच्या नावाखाली क्यूआर-चित्र धाडून ते स्कॅन करावयास सांगतो. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीही द्यावा लागत नाही; पिन मागितला गेला की पैसे आपल्या खात्यातून जावयाचे, हे पक्के समजावे. त्याचप्रमाणे व्हॉट्सअॅपचा सहा आकडी संकेतांक कोणासही सांगू नये. खाते हातचे गेले की भामटा आपल्याच नावाने ग्राहकांकडे पैसे मागू लागतो. सेटिंगमध्ये दुहेरी पडताळणीची सोय आहे, ती डिसेंबर उजाडण्यापूर्वी पुतणीकडून चालू करून घ्यावी. आणि तो पिन वहीच्या मुखपृष्ठावर लिहू नये, कारण ती वही दिवसभर ओट्यावरच असते.