विरजणाला गूळ नको

साप्ताहिक सदर : आंबवण

दह्याचं विरजण दुधातच वाढतं. दूध गोड असतं म्हणून विरजण साखरेच्या पाण्यात वाढवायचं कुणाच्या मनातही येत नाही. घरी बिअर करणारे मात्र यीस्टच्या बाबतीत नेमकं हेच करतात. मीही केलं.

इथे इंग्लंडमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली. (महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अशी मोकळीक देत नाही, हे तिकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.) गेल्या हिवाळ्यात मी वीस लिटर काळी बिअर लावली. यीस्टची पुडी जुनी होती, म्हणून आधी लिटरभर गुळाच्या पाण्यात ते वाढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी फेस भरपूर, मी खूश! मोठ्या भांड्यात ओतल्यावर मात्र दीड दिवस काही हालचाल नाही. पुढे घनता १.०२४वर अडली ती अडलीच. यायला हवी होती १.०१४ला.

बिअर ज्यापासून बनते त्या माल्टच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास साखर माल्टोज असते. ती पेशीत ओढून घ्यायला आणि फोडायला यीस्टला वेगळी तयारी करावी लागते, आणि समोर ग्लुकोज असेतो ते ती करत नाही. गुळातली बहुतेक साखर सुक्रोज. ती यीस्ट पेशीबाहेरच सहज फोडतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजवर ताव मारतं. अशा आयत्या जेवणावर पोसलेल्या पेशींना एकदम माल्टोज वाढलं की त्या अडखळतात. शिवाय नवी पेशी घडायला नायट्रोजन लागतो. माल्टमधल्या अमिनो आम्लांतून तो मिळतो, गुळात तो नावापुरताच.

म्हणून यीस्टच्या विरजणाला माल्टच द्या. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट अर्काची कोरडी पूड घालून दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, यीस्ट सोडा आणि अधूनमधून हलवत एक-दोन दिवस ठेवा. पूड महाग पडते खरी, पण काटकसरीची ही जागा नव्हे.

याचा अर्थ बिअरमध्ये गूळ म्हणजे भेसळ, असा मुळीच नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ब्रिटनमध्ये बिअरला साखर वापरायची मुभा १८४७पासून आहे. बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची ट्रिपेल ही बिअर १९३४ची. चांगलीच कडक असूनही ती जिभेला जड होत नाही, ते साखरेमुळेच. आपला कोल्हापुरी गूळ तर त्याहून पुढे जातो, त्याला स्वतःची चव आहे. फक्त पिवळाधमक घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा गुऱ्हाळात रसायन घालून आणलेला असतो. रानभेंडीच्या चिकाने रस निवळून केलेला काळसर गूळ मिळाला तर सोडू नका. काकवी मिळाली तर फारच उत्तम, ती विरघळवायची खटपटही नाही.

वीस लिटरला ४०० ग्रॅम गूळ पुरे. तो पहिल्या दिवशी घालू नका. तिसऱ्या दिवशी, फेस जोरात असताना, कपभर पाण्यात उकळून, गार करून घाला. तोवर यीस्टने बरंचसं माल्टोज संपवलेलं असतं आणि गूळ ते लगेच उचलतं. बाटल्या भरतानाही गूळ चालतो, लिटरला सहा-सात ग्रॅम. तिथे पेशी वाढवायच्या नसतात, नुसता वायू हवा असतो.