साडेतीन तारे

परवा शनिवारी बायको-मुलगी आजोळी गेलेल्या, बाहेर धो धो पाऊस. मग काय, माझी सिनेमांची एक्सेल फाइल उघडून बसलो. २००७ पासून ठेवतोय. सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, पाहिल्याची तारीख, पाचपैकी तारे. महिना संपला की त्यातली एक ओळ पिवळी करायची: महिन्याचा लाडका सिनेमा. (हसू नका. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात.)

सहज तारे या कॉलमवर फिल्टर लावला आणि चाट पडलो. जवळजवळ निम्म्या सिनेमांपुढे एकच आकडा. साडेतीन!

साडेतीन म्हणजे काय हो? आवडला म्हणायची हिंमत नाही आणि नाही आवडला म्हणायला कारण सापडत नाही, म्हणजे साडेतीन. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर आपण 'छान होतं' म्हणतो ना, तसं. आणि हे मी एकटा करत नाही. मित्रांच्या ग्रुपवर, पेपरात, ऑफिसात कॉफी मशीनपाशी, सगळीकडे साडेतीनाचा सुकाळ आहे.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, आकड्यांशी माझं वैर नाही. उलट आकडे कळतात म्हणूनच राग येतो. निम्म्या लोकांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला तर सरासरी ३. सगळ्यांनी मिळून मिळमिळीत ३ दिला तरी सरासरी ३च. पहिला सिनेमा लोक दहा वर्षं भांडत बघतील, दुसरा पार्किंगमध्ये पोचेपर्यंत विसरतील. आकडा मात्र एकच. रॉटन टोमॅटोजची टक्केवारी तर बहुतेकांना कळलेलीच नसते. ती म्हणजे किती टक्के समीक्षकांना सिनेमा बरा वाटला, एवढंच. शंभर जण 'ठीक आहे' म्हणाले तर १०० टक्के! सत्तर जण वेडे झाले आणि तीस जण चिडले तर ७०. आणि आपण १०० वाला बघायला धावतो.

नेटफ्लिक्सने २००६ साली दहा लाख डॉलरची स्पर्धा लावली होती: कोण कुठल्या सिनेमाला किती तारे देईल याचा अंदाज आमच्यापेक्षा १० टक्के चांगला करून दाखवा. २००९ मध्ये एका टीमने बक्षीस जिंकलं. त्यांना त्या डेटात काय काय सापडलं? एक म्हणजे, त्याच माणसाचे मार्क दिवसागणिक वरखाली होतात. आज मूड बरा, सगळ्यांना अर्धा-एक जास्त. अख्खं जिंकलेलं मॉडेल नेटफ्लिक्सने वापरलंच नाही, आणि २०१७ मध्ये तारेच काढून अंगठा आणला. लोक माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि बघायचे मात्र तीन तारेवाली कॉमेडी. म्हणजे तारे सिनेमाला नव्हतेच, स्वतःच्या अभिरुचीला होते.

आता माझीच लाज काढतो. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' मी २०१५ मध्ये थेटरात पाहिला. फाइलमध्ये ३ तारे, शेजारी शेरा: 'संथ. शेवट उगाच.' कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक बंद होतात, काळोख. मी पिशवी उचलून उठायच्या बेतात, तर सिनेमा पुढे चालूच! सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलक्या घेतायत, पोरं ओरडून दचकवतात, आणि ते एका पोराला थप्पड मारतात. तो 'उगाच' शेवट गेली दहा वर्षं डोक्यातून जात नाही. त्याच महिन्यात मी ज्याला साडेचार दिले होते, त्याची गोष्ट आज मला आठवत नाही. देवाशप्पथ.

तरी पुढे वाचा, खरा घाव वेगळाच आहे.

या महिन्यात सात सिनेमे पाहिले. त्यातला पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आईबरोबर, घरी टीव्हीवर. २०२४ ला कानमध्ये ग्रां प्री मिळालेला. छाया कदमची पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाक करते, नवरा गेलेला, चाळीतल्या खोलीचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी निघून जाते. टायटल्स चालू असतानाच मी मोबाइलवर टाइप केलं: ३.५. आईने विचारलं, "किती मार्क दिलेस?" सांगितलं. ती काही बोलली नाही. पाणी प्यायली, मग म्हणाली, "आपली भाडेपावती आजोबांच्या नावावर होती. ते गेल्यावर मी वर्षभर खेपा घालत होते. तू तेव्हा तिसरीत होतास."

मला हे माहीतच नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी.

तेव्हा माझं भांडण आवडीनिवडीशी नाही, घाईशी आहे. आकडा टाकला की विषय मिटतो, समोरच्याला काही विचारावंसं वाटत नाही, आणि त्याला काही सांगावंसंही. मी साडेतीनावर थांबलो असतो तर ती खोली, त्या खेपा, सगळं तसंच राहिलं असतं. (आई सांगणारी बाई नाही.)

मग महिन्याचा लाडका तरी का ठेवायचा? तोही आकडाच की, असं आमच्या एका मित्राचं म्हणणं. साफ चूक! सातातून एक काढायचा तर सहा नाकारावे लागतात, आणि का ते स्वतःला सांगावं लागतं. तिथे साडेतीनाची पळवाट नाही. आणि निवड महिनाअखेरीस होते, तोवर कच्चा माल गळून गेलेला असतो.

तारे हा कॉलम डिलीट केलाय. (बॅकअप आहे, उगाच सल्ले देऊ नका.) त्याजागी नवा कॉलम: 'कोणाबरोबर पाहिला'. जुन्या बहुतेक ओळींपुढे तो रिकामाच राहणार. या महिन्याची पिवळी ओळ कुठली ते सांगायला नकोच. उद्या आईला 'कोर्ट' दाखवतोय.