इंजिन रुसत नाही

यंत्रे रुसतात असे मानणाऱ्या मंडळींशी माझे जाहीर भांडण आहे. बायको रुसते, जावई तर हक्काने रुसतो. इंजिन रुसत नाही.

बदलीच्या कृपेने मी कोकणातल्या एका शाखेत आलो आणि एका नाखव्यांच्या घरात भाड्याने राहू लागलो. २०२५ साली मासेमारीची बंदी १ जूनला सुरू झाली ती ३१ जुलैला संपली. ते ६१ दिवस नाखव्यांची होडी झापांखाली आणि तिच्या मागे लावायचे पेट्रोलचे इंजिन पडवीत गोणपाट पांघरून पडले होते. ऑगस्टात ते होडीवर चढवले, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि दोरी ओढली. फुर्र! पुन्हा ओढली. पुन्हा फुर्र! तिसाव्या ओढीला नाखव्यांचा थोरला मुलगा खाली बसला आणि भोवती गाव उभे राहिले.

कुणी म्हणाले कार्ब्युरेटर, कुणी म्हणाले कॉइल. एकाने नजर लागल्याचे निदान केले. त्यातल्या त्यात तेच स्वस्त होते. मेकॅनिकने तर न वाकताच सांगितले, ‘‘अख्खं खोलावं लागेल.’’

इथे माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. आमच्याकडे संध्याकाळी ताळा जमला नाही तर आम्ही लगेच सगळी लेजरं उपसत नाही. आधी फरकाला नवाने भागून बघतो. नि:शेष भाग गेला, तर बहुधा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले असतात. फुकटची तपासणी आधी, खर्चाची मागून. इंजिन गियरमध्ये तर नाही? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय? नळी नीट बसलीय?

‘‘साहेब, तुम्ही आकडे बघा,’’ नाखवा म्हणाले. ‘‘हे मशीन आहे.’’

तेवढ्यात त्यांचा नातू म्हणाला, ‘‘आजोबा, ही लाल दोरी इंजिनाची आहे का?’’ दोन महिने तो तिने भोवरा फिरवीत होता! ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात. माणूस पाण्यात पडला की तिची क्लिप इंजिनातून निसटते आणि इंजिन बंद पडते. क्लिप जागेवर नसेल, तर ठिणगीच पडत नाही. मग दोरी नाखव्यांनी ओढा नाहीतर भीमाने.

क्लिप लावली. इंजिन एकदा खोकले आणि गप्प झाले, कारण पोटात मे महिन्याचे पेट्रोल होते. ठेवलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेला डिंकासारखा कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या जुलैत ओलाव्याला काय तोटा! पाणी फार झाले की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच पिते.

‘‘पण मागल्या वर्षी झालं होतं की चालू!’’ असे लोक म्हणतात. झाले असेल. माझाही एक खातेदार एकदा वेळेवर हप्ता भरून गेला होता.

माझा राग आहे तो मे महिन्यावर. ऑगस्टात नारळाला पैसे निघतात. पण मेअखेर इंजिन गोड्या पाण्याने धुवायला, कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवायला, प्लग काढून आत चार थेंब तेल सोडायला अर्धा तास निघत नाही. त्या अर्ध्या तासाचे नाखव्यांचे तीन दिवस झाले. शेजारच्या होड्या भरून येत होत्या, यांचे दोन खलाशी उचल घेऊन पत्ते कुटत होते, आणि दहा तारखेला कर्जाचा हप्ता घ्यायला काउंटरवर मीच. नाखव्यांनी नोटा दोनदा मोजून दिल्या. मी वर पाहिले नाही.

या मेअखेरीस मी स्वत: रिकामा डबा घेऊन पडवीत गेलो.

‘‘काढलेल्या पेट्रोलचं काय करू, साहेब? महागाचं आहे.’’

‘‘त्यात तेल मिसळलेलं आहे ना? माझ्या जुन्या स्कूटरला तसंच लागतं. तिच्यात ओता.’’

त्यांनी ओतायला टाकीचे झाकण उघडले आणि वास घेतला.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘ही दिवाळीपासून उभी आहे ना?’’