मूठभर तांदळाचे अर्थशास्त्र

‘दिवस वाईट आहेत, फादर, तूर्त लोकांपुढे हात पसरू नका.’ हा सल्ला मी अनेक सज्जनांच्या तोंडून ऐकला आहे. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. युक्तिवाद मात्र मुळीच मान्य नाही.

मंदीत दात्याची मिळकत आटते आणि नेमकी त्याच वेळी सेवासंस्थेच्या दारातली रांग लांबते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या धर्मग्रामाने हे अनुभवले. सण झाला नाही, सोडत निघाली नाही आणि त्या एका दिवसाच्या उत्पन्नावर उभा असलेला वर्षभराचा मदतनिधी कोसळला. त्याच वर्षी परकीय देणग्यांचा कायदाही कडक झाला. एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसरीकडे वळवण्यास मनाई झाली आणि मोठ्यांच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या लहान संस्था तहानलेल्या राहिल्या. दोष केवळ महामारीचा वा कायद्याचा नव्हता. एकाच खांबावर घर उभारणाऱ्या आपलाही होता.

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १९१० पासून वेगळी वाट धरली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, तो गोळा करून विकायचा आणि आलेला पैसा चर्चच्या कार्यास द्यायचा. त्या घरांत सुबत्ता नव्हती, नेम होता. मुष्टिफंड हा शब्द आपणांसही नवा नाही. आपण तो विसरलो, एवढेच.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभेत आजही पिशवी फिरते. कोणी किती टाकले, हे कोणालाच कळत नाही. ज्याचा खिसा रिकामा आहे, त्याचाही हात पिशवीत जातो आणि त्याचा मान राखला जातो.

म्हणूनच ‘मागू नका’ हा सल्ला मला दयेचा वाटत नाही. गरिबाला देणे जमणार नाही, असे आपण त्याला न विचारताच ठरवून टाकतो. दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेला प्रभू येशूने अडवले नव्हते.

मात्र मागणाऱ्यानेही आपले कर्तव्य चुकवू नये. किती आले, औषधांवर किती गेले, मुलांच्या फीसाठी किती गेले, हे दरमहा चर्चच्या दारावर लावले पाहिजे. हिशेब दिसला नाही की संशय येतो आणि हात आखडतात.

बंधुभगिनींनो, आपल्या स्वयंपाकघरात एक डबा ठेवा. हिशेब मांडण्याची जबाबदारी आम्हा धर्मगुरूंची.