लांगारा : तीन देशांत विखुरलेला एक विक्रम

#थ्रेड #इतिहास #फुटबॉल

२६ एप्रिल १९३७. सोमवार, बाजाराचा दिवस. बास्क प्रांतातील गेर्निका या गावावर त्या दुपारी जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्बवर्षाव सुरू केला. त्याच दिवशी पॅरिसमधील पार्क दे प्रँस मैदानावर ‘एउस्कादी’ नावाचा बास्क संघ रेसिंग पॅरिसविरुद्ध आपल्या दौऱ्यातील पहिला सामना खेळत होता. बास्कांनी तो ३-० असा जिंकला. तिन्ही गोल एकाच खेळाडूचे होते : इसिद्रो लांगारा.

गेर्निकाचे नाव पिकासोच्या चित्रामुळे जगभर पोहोचले. लांगाराचे नाव मात्र स्पॅनिश फुटबॉलच्या इतिहासात तळटीपेपुरते उरले आहे. स्पेनचा सर्वश्रेष्ठ मध्य-आघाडीपटू कोण, हा वाद निघाला की तेल्मो सार्राच्या २५१ लीग गोलांचा आकडा पुढे केला जातो आणि चर्चा तेथेच आटोपते. हा निवाडा घाईचा आहे. त्यामागे मोजमापाची एक मूलभूत चूकही आहे.

प्रथम पूर्वपीठिका. लांगाराचा जन्म २५ मे १९१२ रोजी गिपुस्कोआतील पसाईया या बंदराच्या गावी झाला. १९३० मध्ये तो आस्तुरियासची राजधानी असलेल्या ओव्हिएदोच्या संघात आला. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९३२ च्या एप्रिलमध्ये ओव्हिएदोचे नवे बुएनाविस्ता मैदान स्पेन-युगोस्लाव्हिया सामन्याने खुले झाले आणि त्याच सामन्यात लांगाराने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. दुसऱ्या श्रेणीतील खेळाडूला राष्ट्रीय संघाचे बोलावणे येणे ही त्या काळीही नित्याची गोष्ट नव्हती.

१९३३ मध्ये ओव्हिएदो पहिल्या श्रेणीत पोहोचला. त्यानंतरचे तीन हंगाम नीट पाहावेत. १९३३-३४ मध्ये लीगचे अवघे १८ सामने होते, लांगाराचे गोल २७. पुढच्या हंगामात २२ सामने, गोल २६. त्यापुढील हंगामात पुन्हा २२ सामने, गोल २७. सलग तीन वर्षे लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तोच. एकूण ८० गोल, आणि ते जास्तीत जास्त ६२ सामन्यांच्या अवकाशात.

त्या काळी बचाव ढिसाळ असे, गोल सहज होत, हा आक्षेप येणारच. तो काही अंशी खराही आहे. पण ढिसाळ बचाव सर्वांच्याच वाट्याला आलेला होता. त्याचा असा सलग लाभ मात्र एकालाच उठवता आला. शिवाय परक्या देशांच्या संघांविरुद्धचा त्याचा हिशेबही याच जातीचा आहे : स्पेनसाठी १२ सामने, १७ गोल. मार्च १९३४ मध्ये पोर्तुगालविरुद्धच्या ९-० विजयात पाच गोल त्याचे. विश्वचषकात जेनोआ येथे ब्राझीलला ३-१ असे हरवताना दोन गोल त्याचे. मे १९३५ मध्ये कोलोन येथे, हिटलरच्या राजवटीतील जर्मनीला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवताना दोन्ही गोल त्याचे.

१९३४ च्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरीही येथे आठवावी. फ्लॉरेन्समध्ये यजमान इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली. तो सामना इतका दांडगाईचा होता की दुसऱ्याच दिवशी झालेल्या फेरसामन्यात स्पेनचा नामांकित गोलरक्षक सामोरा उतरू शकला नाही आणि लांगाराही नव्हता. स्पेन ०-१ हरला, इटली पुढे विश्वविजेता झाला.

जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा लांगारा २४ वर्षांचा होता. ओव्हिएदोत कर्नल आरांदाने बंडखोरांची बाजू घेतली, शहराला वेढा पडला आणि बुएनाविस्ता मैदानाची दुर्दशा झाली. युद्ध संपल्यावर १९३९-४० चा हंगाम ओव्हिएदोला खेळताच आला नाही. त्याचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले. पहिल्या श्रेणीतील ती रिकामी जागा आत्लेतिको आव्हिआसिओन या वायुदलाशी जोडलेल्या संघाला मिळाली आणि त्याने थेट विजेतेपदच पटकावले. आजच्या आत्लेतिको माद्रिदच्या खात्यावरील पहिले लीग विजेतेपद ते हेच.

बास्क सरकारचा प्रमुख होसे आंतोनियो आगिरे हा स्वतः आत्लेतिक बिल्बाओचा माजी खेळाडू. युद्धात होरपळलेल्या बास्क निर्वासितांसाठी निधी उभारावा आणि बास्कांचे गाऱ्हाणे जगापुढे मांडावे, या दुहेरी हेतूने त्याने ‘एउस्कादी’ संघ परदेशी धाडला. लुइस रेगेइरो, सिलाउर्रेन, इरारागोर्री, गोरोस्तिसा, कोवळ्या वयाचा आन्हेल सुबिएता : स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा मोठा भागच या चमूत होता. पॅरिसनंतर चेकोस्लोव्हाकिया, पोलंड आणि मग सोव्हिएत संघ. मॉस्कोत लोकोमोतिव्ह व दिनामो यांना त्यांनी हरवले, स्पार्ताककडून मात्र ६-२ असा मार खाल्ला.

१९ जून १९३७ रोजी बिल्बाओ पडले, तेव्हा हा संघ सोव्हिएत भूमीवर होता. ज्या सरकारने त्यांना पाठवले होते, त्याच्या हाती आता स्वतःची भूमी उरली नव्हती. परतणे म्हणजे फ्रँकोच्या स्वाधीन होणे. काहींनी तोही मार्ग पत्करला. ‘तांबडी गोळी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा गोरोस्तिसा फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी. उरलेले अटलांटिक ओलांडून मेक्सिकोला गेले.

फिफाने फ्रँकोपक्षीय महासंघाला मान्यता दिल्यामुळे या संघाची कोंडी झाली. अर्जेंटिनात पोहोचूनही त्यांना खेळू दिले गेले नाही. अखेर १९३८-३९ मध्ये मेक्सिकोच्या लीगमध्ये ‘एउस्कादी’ हा एक क्लब म्हणून उतरला आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विजेता होता तेथील स्पॅनिश स्थलांतरितांचा क्लब, आणि त्याचे नाव ‘आस्तुरियास’! ओव्हिएदोच्या लांगाराला हे नाव प्रतिस्पर्धी म्हणून समोर पाहावे लागले.

युद्ध संपले, संघ विखुरला. लांगाराला ब्युनोस आयर्सच्या सान लोरेन्सोने घेतले. २१ मे १९३९ रोजी रिव्हर प्लेटविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला. सान लोरेन्सोने तो ४-२ असा जिंकला आणि चारही गोल त्या नवख्या पाहुण्याचे होते. १९४० मध्ये ३३ गोलांसह तो अर्जेंटिनाच्या लीगमधील संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला. चार वर्षांत या क्लबसाठी त्याने शंभराहून अधिक गोल केले. ही लीग त्या काळी जगातील सर्वांत समृद्ध लीगांपैकी एक होती, हे ‘परदेशातील सोपे गोल’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पुढे मेक्सिको. ‘रेआल क्लब एस्पान्या’कडून खेळताना १९४३-४४ आणि १९४५-४६ अशा दोन हंगामांत तो सर्वाधिक गोल करणारा होता, दुसऱ्या खेपेस तब्बल ४० गोलांसह. मधल्या हंगामात क्लबने विजेतेपद मिळवले. स्पेन, अर्जेंटिना, मेक्सिको : तीन देशांच्या गोलतक्त्यांच्या शिरोभागी एकच नाव.

मोजमापाची चूक नेमकी येथे आहे. फुटबॉलच्या नोंदवह्या देशनिहाय ठेवल्या जातात. जो खेळाडू आयुष्यभर एकाच देशात खेळला, त्याची बेरीज आपोआप होते. ज्याला युद्धाने हाकलले, त्याची कारकीर्द तीन वह्यांत तुकड्यातुकड्याने पडून राहते आणि प्रत्येक वहीत ती अपुरी भासते. स्पॅनिश वहीत लांगाराच्या नावावर ९० लीग सामन्यांत १०४ गोल आहेत. सामन्यामागे एकाहून अधिक. सार्राचे प्रमाण सुमारे ०.९. यावरून सार्रा उणा ठरत नाही. पण १९३६ ते १९४६ ही लांगाराची वयाच्या २४ ते ३४ ची वर्षे स्पॅनिश वहीत कोरी आहेत. स्पेन १९३८ च्या विश्वचषकात उतरला नाही; १९४२ आणि १९४६ चे विश्वचषक झालेच नाहीत. एकूण आकड्यांवर या दोघांची तुलना करणे म्हणजे वनवासातील वर्षे राज्यकारभारात न धरता राजाची कर्तबगारी ठरवणे होय.

उलट बाजूचा मोहही टाळायला हवा. लांगाराला फॅसिझमविरोधी लढवय्या म्हणून मखरात बसवण्याची हौस काहींना असते. दौरा राजकीय होता, यात शंका नाही. पण त्या चमूतील प्रत्येक जण विचारपूर्वक पक्ष निवडून निघाला होता, असे मानण्यास आधार नाही. आणि १९४६ मध्ये लांगारा स्वतः फ्रँकोच्याच स्पेनमध्ये, आपल्या ओव्हिएदोत, परतला. याला शरणागती म्हणावे की घरची ओढ, हे ठरवण्याचा अधिकार कोण्या दूरस्थ निवाडाकाराला नाही. ३४ व्या वर्षी, शरीर थकलेले असताना, पहिल्याच हंगामात त्याने १८ गोल केले. १९४८ मध्ये तो ओव्हिएदोतून बाहेर पडला.

सुबिएताची वाट वेगळी झाली. तो सान लोरेन्सोतच राहिला आणि १९४६-४७ च्या हिवाळ्यात त्या संघाबरोबर दौऱ्यावर स्पेनला आला. अर्जेंटिनाच्या त्या संघाने स्पेनच्या निवड संघाला धूळ चारली. मायदेशी येऊन मायदेशाविरुद्ध खेळणाऱ्या त्या बास्काच्या मनात काय चालले असेल, ते कोणत्याही गुणफलकात सापडत नाही.

लांगारा पुढे पुन्हा अटलांटिकपलीकडे गेला. १९५१ मध्ये चिलीच्या उनियोन एस्पान्योला या संघाला त्याने प्रशिक्षक म्हणून लीग विजेतेपद मिळवून दिले. अखेरच्या काळात तो गिपुस्कोआत परतला. ८ ऑगस्ट १९९२ रोजी बार्सिलोनात पोलंडला ३-२ असे हरवून स्पेनने ऑलिंपिक फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर तेरा दिवसांनी, आपल्या जन्मगावापासून जवळच असलेल्या आंदोआइन या गावी, इसिद्रो लांगाराचा मृत्यू झाला.